बार का उडत नाही?



ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं शिवारात उतरतात आणि नेमकी तेव्हाच परवान्याची ठासणीची बंदूक दगा देते. कारण साधं आहे. जळलेल्या काळ्या दारूची काजळी ओल धरते, नळी गंजते, टोपीखालचं भोक बुजतं. ठिणगी दारूपर्यंत पोचतच नाही.

वापर झाला, की त्याच दिवशी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. नळी साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, खडखडीत वाळवा, तेलाचा हलका हात द्या. भरण्याआधी तेल पुसा.

बार उडाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून पुरतं एक मिनिट थांबा. बार उशिरानंही उडतो. नळीत डोकावू नका.

आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.