उरलेल्या वाक्याचं काय?



आपल्याकडे आजही कितीतरी घरांत सातवी-आठवीतलं मूल हेच घरातलं पहिलं वाचणारं माणूस असतं. बँकेचं पत्र आलं, दवाखान्यातून सुटी होताना कागद मिळाला, रेशन दुकानाबाहेर सूचना लागली, की आई म्हणते, "बघ रे, काय लिहिलंय?" तिला तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचा नसतो. पैसे भरायचे आहेत की मिळायचे आहेत? कधीपर्यंत? गोळी जेवणाआधी की नंतर? मूल पुष्कळदा अख्खा कागद खड्या आवाजात वाचून दाखवतं आणि आईकडे बघत राहतं. आई त्याच्याकडे बघत राहते. आईच्या या प्रश्नालाच शाळेत 'उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना सांगा' असं म्हणतात.

मी शिक्षक नव्हे. कविता लिहितो, आणि त्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमध्ये जाणं होतं. मुलांना कविता ऐकवावी आणि विचारावं, "काय सांगितलंय यात?" तर पहिल्या बाकावरून उत्तर येतं, "प्रस्तुत कवितेत कवीने..." हे 'प्रस्तुत' मार्गदर्शकातून येतं. मुलांचा दोष नाही. मध्यवर्ती कल्पना ही पाठ करायची गोष्ट आहे, अशीच त्यांची समजूत करून दिलेली असते.

चौकटी पूर्ण करा, गाळलेल्या जागा भरा, हे प्रश्न मुलं चटकन सोडवतात. पण त्याने काय सिद्ध होतं? मी एक वाक्य फळ्यावर लिहितो : 'गुमल्याने चिरपाटात भोंडकं ठेवलं.' मग विचारतो, भोंडकं कुठे ठेवलं? सगळा वर्ग ओरडतो, "चिरपाटात!" कोणी ठेवलं? "गुमल्याने!" पैकीच्या पैकी गुण. आणि या शब्दांना काही अर्थच नाही. अर्थ न कळता तपशील शोधता येतो, तो असा.

'असर'च्या पाहणीचे आकडे तुम्ही वाचले असतील. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४९ टक्के झालं. ही चाचणी मोठ्याने वाचण्याची. वाचलं त्यातला मुद्दा कोणता, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तो शिकवायला वर्गात वेळ किती मिळतो? अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधक बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची जवळजवळ साडेचार हजार मिनिटं टिपून ठेवली. १९७८-७९ साली ते प्रसिद्ध झालं. समजून कसं वाचायचं, हे शिकवण्यात गेलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी होता. समजलं की नाही, हे प्रश्न विचारून तपासणं मात्र भरपूर. आपल्याकडे कोणी घड्याळ लावून बसलं तर फार वेगळं निघेल, असं मला वाटत नाही.

आता मी काय करतो, ते सांगतो. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांसाठी मी एक लहानसा उतारा केला आहे. 'एका शेतकऱ्याने ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी केली. फुलोऱ्याच्या वेळी बेमोसमी पाऊस आला. डावणी पडू नये म्हणून त्याने रात्री दोन वाजता उठून फवारणी केली. बागेच्या कडेला एक मोर येत असे. विरळणीला मजूर मिळेनात, तेव्हा घरची सगळी माणसं बागेत उतरली. मार्चमध्ये घड तयार झाले, तेव्हा भाव उतरले होते.'

पहिल्यांदा विचारतो, हा उतारा कशाबद्दल आहे? "द्राक्षं." बरोबर, पण हा झाला विषय. विषय एका शब्दात सांगता येतो. मुद्दा सांगायला पूर्ण वाक्य लागतं, त्यात क्रियापद लागतं. द्राक्षांचं काय? मग कोणी म्हणतं, "शेतकरी खूप मेहनत करतो." बऱ्याच वर्गांमध्ये इथे 'शाब्बास' म्हणून पुढचा प्रश्न घेतला जातो. मी म्हणतो, ठीक, आता उताऱ्यातलं एकेक वाक्य या मुद्द्याखाली आणून बसवा. छाटणी बसली. रात्रीची फवारणी बसली. घरची माणसं बसली. दोन वाक्यं बाहेर उरली, मोराचं आणि भावाचं.

या उरलेल्या वाक्यांवरच खरा तास होतो. एकेका वाक्यावर बोट ठेवून ते झाकायचं आणि उरलेला उतारा वाचायचा. मोर झाकला तर काही बिघडत नाही. भाव झाकला तर गोष्टच बदलते, कष्टाचं फळ मिळालं अशी सुखाची गोष्ट होते. म्हणजे ते वाक्य टाकून चालणार नाही. मुद्दाच दुरुस्त करायला हवा. मग पावसाकडेही मुलं पुन्हा बघतात, तोही काही शेतकऱ्याच्या हातातला नव्हता. "मेहनत त्याच्या हातात, पण पाऊस आणि भाव नाही," असं कोणीतरी म्हणतं, आणि ते बहुधा मागच्या बाकावरचं, बाग घरी असलेलं मूल असतं. मुद्दा आधी सापडतो आणि तपशील त्याच्या दिमतीला येतात, असं आपण शिकवतो. मला ते उलट वाटतं. तपशील हे साक्षीदार आहेत. एकही महत्त्वाचा साक्षीदार फिरला, की खटला नव्याने उभा करावा लागतो.

(एका मुलीने विचारलं, "सर, मग मोर घातलातच कशाला?" मी म्हटलं, बागेत मोर येतो ना? येतो. म्हणून.)

मागच्या बाकावरचं मूल पुढे का जातं, याचंही उत्तर आहे. रेश्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून ही गोष्ट शिकवायला सुरुवात मुलाच्या ओळखीच्या उताऱ्यापासून करावी. लासलगावला कांद्याचा उतारा द्यावा, इगतपुरीला भाताचा. अनोळखी विषय नंतर आहेतच.

आणि उत्तर घरच्या बोलीत आलं तर येऊ द्यावं. बागलाणचं मूल अहिराणीत सांगेल, सुरगाण्याचं कोकणीत (समुद्रकाठची कोकणी नव्हे, डोंगरातल्या कोकणा लोकांची), जुन्या नाशकातलं आमच्या दखनीत सांगेल. मुद्दा कळलेला असतो, प्रमाण मराठीतलं वाक्य तेवढं जुळत नसतं. ते जुळवायला दहा मिनिटं पुरतात.

पहिलं वाक्य म्हणजे मुद्दा, असा एक सोपा नियम सर्रास सांगितला जातो. बातमीत तो चालतो. कीर्तनातही चालेल, बुवा अभंग आधी घेतात, पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. मुद्दा आणि त्याचा आधार यांचं इतकं चोख शिक्षण आपल्या लोकांनी देवळाच्या ओट्यावर बसून घेतलेलं आहे. पण गोष्टीत आणि कवितेत हा नियम दगा देतो. कुसुमाग्रजांची 'कणा' घ्या. आमच्या गोदावरीची, आमच्या नाशिकच्या माणसाची कविता. चिखलाने भरलेले कपडे, पडलेली भिंत, विझलेली चूल. मुलं म्हणतात, पुराची कविता. मग सरांचा हात खिशाकडे जातो, तो प्रसंग कशाला आहे? पूर हा मुद्दा धरला, तर तो खिसा बाहेर उरतो. त्या जागी मुलं थांबतात. हा विद्यार्थी पैसे मागायला आलेला नाही, हे त्यांचं त्यांना कळतं, आणि मग बाकीची कविता पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. मार्गदर्शकातला 'जिद्द' हा शब्द चूक नाही. पण खिशावर न थांबता लिहिला, तर तो त्या मुलाचा नाही.

हे सगळं परीक्षेपुरतं असतं, तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. दुचाकी चोरीची चार ओळींची बातमी असते. काय गेलं, कुठून गेलं, कोण पकडलं गेलं. त्यातलं आरोपीचं नाव हा तपशील. वाचणाऱ्याचं बोट त्या नावावर अडकलं, की तेच बातमीचा मुद्दा होऊन बसतं, आणि मोबाइलवर पुढे पाठवताना चोरी गळून पडते, नाव तेवढं उरतं. माझं नाव जे आहे ते असल्यामुळे हे मला थोडं लवकर दिसतं, इतकंच. आडनाव वाचून जात शोधणाऱ्यांचंही हेच होतं. आठवीतल्या मुलाला मी म्हणतो, नावावर बोट ठेव, झाक, आणि बातमी पुन्हा वाच. चोरी झालीच आहे ना? दुचाकी गेलीच आहे ना?

घरी करून बघायला यासाठी खर्च नाही. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मिळाले तर उत्तमच, नाहीतर रोजचं वर्तमानपत्र पुरे. एखाद्या बातमीचा मथळा तळहाताने झाका आणि मुलाला मथळा द्यायला सांगा, क्रियापदासह. मग हात काढा. दोन मथळे वेगळे निघाले, तर छापलेलाच खरा असं लगेच ठरवू नका. कोणत्या मथळ्याबाहेर महत्त्वाची किती वाक्यं उरतात, ती दोघांनी मिळून मोजा. वर्तमानपत्राचा मथळा हरला, तर संपादकांना पत्र लिहायला हरकत नाही. पत्र मात्र मुलानेच लिहावं.