पुण्याचं नाव जिथे लिहिलं गेलं

आज पुण्याची एक गोष्ट सांगतो, पण ती सुरू होते बंगळूरजवळच्या एका खेड्यात. गावाचं नाव मण्णे. तुमकूर रस्त्याने नेलमंगल मागे टाकलं की त्यामगोंडलूच्या बाजूला हे गाव लागतं. शेतं, घरं आणि मोडकी देवळं. फौजेतून निवृत्त होऊन मी बंगळूरला राहिलो, तरी इथे जायला मला बरीच वर्षं लागली.

आठव्या शतकात याचं नाव होतं मान्यपूर. तलकाडच्या गंग घराण्यातला राजा श्रीपुरुष इथे राहायचा. राज्य सांभाळून हत्तींवर ‘गजशास्त्र’ लिहिणारा माणूस! पुढे ७९७ सालच्या ताम्रपटात श्रीविजय या सेनापतीने इथे बांधलेल्या जिनालयाचा उल्लेख येतो. म्हणजे चांगलं भरलेलं शहर होतं. बंगळूरचं नाव मात्र बेगूरच्या वीरगळावर दिसतं ते सुमारे ८९० साली, तेही एका लढाईच्या निमित्ताने.

तर या मान्यपुरावर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण चालून आला. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे, तोच. शके ६९०, म्हणजे इ.स. ७६८ मध्ये त्याची छावणी इथे होती आणि इथूनच त्याने एक दानपत्र दिलं. पुणे जिल्ह्यातल्या तळेगावला ते सापडलं. त्यात ‘पूनक विषय’ असे शब्द आहेत. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा, आणि पूनक म्हणजे आपलं पुणं. याहून जुना उल्लेख आहे तो ७५८ सालचा, म्हणजे फक्त दहा वर्षं आधीचा.

मीही तंबूत कंदिलाच्या उजेडात रजेचे अर्ज आणि रेशनचे हिशेब निकालात काढलेत. समोर काहीही चालू असो, कागद थांबत नाही. पण शत्रूच्या राजधानीत बसून ८०० किलोमीटर मागचं गाव दान द्यायचं, तर पाठीमागची वाट पक्की हवी. हा एक पत्रा मला लढाईच्या वर्णनांपेक्षा जास्त सांगून जातो.

आपण पुणेकर त्या ताम्रपटावर खूश असतो. तो लिहिला त्या दिवशी मान्यपूरच्या लोकांच्या दारात परकी फौज होती, हे आपल्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. राष्ट्रकूटांची पुढची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गीजवळचं मळखेड. ९७२ साली परमारांनी ती लुटली. आज तेही खेडंच आहे.

मण्णेत एका आजोबांना मी मोडक्या कन्नडमध्ये हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “लिहिलं कुणी? आमच्या राजाने?”

म्हटलं, “नाही. चालून आलेल्याने.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग उठले आणि कपिलेश्वराच्या देवळाची वाट दाखवायला माझ्यासोबत चालू लागले.