सवलत नको, कुलूप हवं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



कमिटीने मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला बोलावलंय. पण गणपतीतली नाटकं, पाण्याचे टँकर, लिफ्ट बंद पडायच्या कथा हे सगळं बाकीचे सांगतीलच. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, आपल्या गेटवर.

मला दिसत नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, त्यामुळे माणूस आवाजावरून ओळखायची सवय. आपण राहायला आलो तेव्हा सुरक्षा म्हणजे एक वॉचमन, एक वही आणि एक शिट्टी. मग इंटरकॉम आला. त्याच्या पाच आकड्यावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बाकीची बटणं सापडतात. वॉचमन खालून विचारायचा, "काका, गॅसवाला आलाय, सोडू का?" मागे त्या माणसाचा आवाजही ऐकू यायचा. मी हो किंवा नाही म्हणायचो. माझ्या घरी कोण येणार, हे मी ठरवत होतो.

तीन वर्षांपूर्वी इंटरकॉम निघाला आणि मोबाइलवर अ‍ॅप आलं. पाहुण्याचा फोटो येतो, हिरवं बटण दाबलं की प्रवेश, लाल दाबलं की नकार. माझ्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय आहे. बँकेचे व्यवहार, रेल्वेचं तिकीट मी त्यावरच करतो. पण या अ‍ॅपच्या बटणांना आतून नावंच दिलेली नव्हती. फोन मला सांगायचा, "बटण. बटण. बटण."

एका दुपारी ही माहेरी गेली होती. फोन वाजला, मी अंदाजाने बटण दाबलं, आणि पाच मिनिटांत एक अनोळखी माणूस दारात. पार्सलवाला होता बिचारा. खाली फ्लॅट नंबर चुकीचा टाकला गेला होता. झालं काहीच नाही. पण दार लावताना माझा हात थरथरत होता.

मी तक्रार केली. तेव्हाच्या कमिटीने मनापासून उपाय काढला : "काका, तुम्हाला त्रास नको. तुमच्याकडे येणाऱ्याला आम्ही न विचारताच सोडू." हेतू चांगलाच होता. पण जरा विचार करा. बाकी सगळ्या घरी विचारून सोडणार, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या घरी तेवढं न विचारता! सवलतीच्या नावाखाली माझं कुलूपच काढून घेतलं की हो!

इथे कायद्याचे दोन शब्द सांगतो, धाक म्हणून नव्हे, माहिती म्हणून. 2016चा दिव्यांगजन हक्क कायदा 21 प्रकारची दिव्यांगता मानतो. 1995च्या कायद्यात सातच होते. इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत यासाठी, अवाजवी बोजा न पडता करता येणारे बदल नाकारणं, हाही भेदभावच, असं हा कायदा म्हणतो. आणि 30 एप्रिल 2025ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तिथे प्रश्न होता, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी आणि अंधांनी काय करायचं?

हा प्रश्न माझ्या एकट्याचाही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ऐकू येत नाही. मीटर रूममध्ये रात्री धूर झाला तेव्हा अलार्म अख्ख्या गल्लीने ऐकला, त्या मात्र झोपलेल्या होत्या. शेजाऱ्यांनी दार वाजवलं, तेही ऐकू येईना. शेवटी मुलाला फोन करून किल्ली आणवली. बी विंगमधला आपला मुलगा व्हीलचेअरवर आहे. रात्री मोठं गेट बंद झालं की छोट्या फाटकातून त्याची खुर्ची जात नाही. वॉचमन येईपर्यंत तो रस्त्यावर. बोटाच्या ठशाचं मशीन म्हणाल, तर वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेघा झिजतात. आजींचा ठसा उमटत नाही, आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींचाही नाही.

म्हणून माझी साधी मागणी आहे. गेटची, दाराची, आगीची सूचना निदान दोन वाटांनी मिळावी : कानाला आणि डोळ्याला, किंवा स्पर्शाला. वहिनींसाठी लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती मिळते. फाटक 900 मिलिमीटर मोकळं हवं, आणि रॅम्प एक फूट चढाला बारा फूट लांब. आणीबाणीत कोणाला मदत लागेल याची यादी, त्या माणसाच्या संमतीने, वॉचमनकडे असावी आणि प्रत्येकामागे दोन शेजारी नेमलेले असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, नवीन यंत्रणेचं कोटेशन मंजूर करण्याआधी ती आम्हाला वापरून बघू द्या. पैसे भरल्यावर नव्हे, आधी.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि मागेल त्याला इंटरकॉम परत मिळाला. गंमत अशी, की मला वाटलं होतं मी एकटाच घेईन. पण ज्यांना चष्मा शोधत बसावं लागतं, ज्यांचा मोबाइल कायम नातवाकडे असतो, अशा बऱ्याच घरांनी तो घेतला! दिवे, चकती आणि फाटक मात्र अजून बाकी आहे. अध्यक्षसाहेब, टाळ्या नंतर, आधी ते इतिवृत्तात लिहून घ्या.

मित्रहो, आज ना उद्या आपल्यापैकी बहुतेकांचे गुडघे, कान, डोळे कुरकुरणार आहेत. सुवर्णमहोत्सवाला यातले किती जण जिना चढून येतील? तेव्हा आज आमच्यासाठी म्हणून जे कराल, ते तुमच्याच म्हातारपणासाठी असेल.

काल संध्याकाळी इंटरकॉम वाजला. "काका, तुमच्याकडे कोणी आलंय, सोडू का?" मी म्हणालो, "आधी नाव विचार." एवढंच हवं होतं मला.