धक्का समुद्रात, बंदर जमिनीवर

(पुण्यात बुधवार पेठेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



समुद्रापासून सव्वाशे किलोमीटर दूर, घाटावरच्या या शहरात बंदरांवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा माझ्याही मनात तो आला होता. म्हणून आज सभागृहाकडे येताना मुद्दाम तपकीर गल्लीतून पायी आलो. तपकीर गल्लीत आता कोणी तपकीर घ्यायला जात नाही. दिव्यांच्या माळा, वायरी, कॅमेरे, मोबाइलचे सुटे भाग यांनी तिथली दुकाने भरलेली असतात. त्यातला बराच माल परदेशातून, विशेषतः चीनमधून, न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर उतरलेला असतो. तिथून पळस्पे फाटा, बोरघाट, शहराबाहेरचे एखादे गोदाम आणि मग छोट्या टेम्पोतून बुधवार पेठ, असा त्याचा प्रवास. उलट दिशेने चाकण-तळेगावच्या मोटारी घाट उतरून समुद्राकडे जातात. बंदर कोकणपट्टीत असले तरी त्याचे एक टोक या पेठेत आहे, आणि त्या बंदराचे धोरण चुकले तर त्याची किंमत इथल्या गिऱ्हाईकाच्या पावतीत मिळवलेली असते.

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जहाज येते, धक्का येतो, उंच यारी येते. उद्घाटनाची छायाचित्रेही तिथलीच छापली जातात. माझे म्हणणे असे आहे की, बंदराचे भवितव्य धक्क्याच्या पाठीमागच्या जमिनीवर ठरते. माल बाहेर नेणारा रस्ता, लोहमार्ग आणि त्या जमिनीवर व पाण्यावर आधीपासून जगणारी माणसे, यांचा हिशेब ज्याने आधी मांडला त्याचे बंदर चालले.

मुंबईचेच पाहा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचे दैव उघडले, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. परंतु त्याच्या सहा वर्षे आधी, १८६३ साली, बोरघाटातून लोहमार्ग वर आला होता. सदतीस फुटांत एक फूट असा चढ, हजारो मजुरांचे बळी आणि शेवटी घाटमाथ्यावर पोहोचलेली गाडी. घाटावरचा माल बंदरापर्यंत आणण्याची सोय अशी आधी झाली. मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली, ससून गोदी १८७५ची, प्रिन्सेस गोदी १८८०ची आणि अलेक्झांड्रा गोदी, जिला आपण आज इंदिरा गोदी म्हणतो, ती १९१४ची. इंग्रजांचा हेतू या देशाची लूट सुकर करण्याचा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण लूट करायची तरी वाट आधी बांधावी लागते, हे त्यांना कळत होते.

या गोदीने फार मोठा आघातही सोसला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात भरल्या होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. गोदीलगतच्या वस्त्या बेचिराख झाल्या. मुंबई तरीही उभी राहिली. पुढे मात्र या गोदीला जे झाले, त्याचा आवाज झाला नाही.

लोखंडी पेटी आणि शहराची गल्ली

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकव्यावसायिकाने एका जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे जवळजवळ सहा डॉलर लागत. या पद्धतीने सोळा सेंट लागले. हा गृहस्थ जहाजी नव्हता, रस्त्यावरचा माणूस होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कंटेनर म्हणजे वास्तविक ट्रकची चाके काढलेली पेटी. ती जहाजावर काही दिवस असते, पण तिचा जन्म रस्त्यासाठी झालेला आहे.

मुंबईची गोदी सुट्या मालासाठी बांधलेली. जाळ्यात गोणी, यारीवर जाळे, खाली हमालाची पाठ आणि गोदीबाहेर बैलगाडी किंवा ट्रक. मशीद बंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर ही नावेच सांगतात की शहर आणि बंदर एकमेकांत विणलेले होते. चाळीस फुटी पेटी या गल्ल्यांतून वळणार कशी? म्हणून खाडीपलीकडे, उरणच्या बाजूला न्हावा-शेव्याला नवे बंदर बांधले गेले आणि १९८९च्या मे महिन्यात ते सुरू झाले. तो निर्णय योग्य होता. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. २०२४-२५ या वर्षात ७० लाखांहून अधिक पेट्या, म्हणजे वीस फुटी एककात मोजलेल्या पेट्या, तिथे हाताळल्या गेल्या.

इतके झाल्यावर मुंबई बंदराने काय करावे? २००७च्या डिसेंबरात जुन्या गोदीसमोर भर पाण्यात कंटेनरसाठी नवा धक्का बांधण्याचा करार झाला. पेट्या ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या भराव टाकून बुजवल्या. ज्या पाण्याकाठी ६६ जवानांनी प्राण दिले, ते पाणीच नाहीसे झाले. समुद्रात धक्का उभा राहिला. पण गाळ उपसण्याचे काम रेंगाळले, मालवाहतूक केव्हाच न्हावा-शेव्याला स्थिरावली होती आणि दक्षिण मुंबईतून रोज हजारो पेट्या बाहेर नेणारी वाट कोणाकडेच नव्हती. ज्या शहरात अवजड वाहनांना दिवसा मज्जाव करावा लागतो, तिथे पेट्या जाणार कुठून, हा प्रश्न साध्या हवालदारालाही सुचला असता. अखेर त्या धक्क्यावरून मोटारी आणि पोलाद यांची वाहतूक होऊ लागली. मोटार स्वतःच्या चाकांवर जहाजात चढते, तिला यारी लागत नाही. चाकणच्या मोटारींना त्यामुळे सोय झाली, हे खरे. पण कंटेनरसाठी बांधलेल्या धक्क्याचे काम कंटेनरांनी केले नाही, हेही तितकेच खरे.

जहाज कोणाचे, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवतो. त्यासाठी स्वतंत्र व्याख्यान लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला सोडली, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या परदेश व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय ध्वजाखाली जात होता. आज तो वाटा १० टक्क्यांच्याही खाली आहे. भाड्याचा पैसा कुठे जातो, ते आपण समजून घ्यावे.

घाटाखालची रांग

वार्ताहर म्हणून मुंबईत असताना एका पावसाळी रात्री मी उरण परिसरातल्या एका ढाब्यावर थांबलो होतो. माण तालुक्यातला एक चालक शेजारी जेवत होता. त्याची पेटी आदल्या दुपारपासून रस्त्यावर उभी होती. पुढे काय अडले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही कळले नाही. त्याला पैसे मिळत ते खेपेवर. थांबलेल्या तासांचे काही नाही. गाडी सोडून जाता येत नव्हते, कारण ताडपत्री आणि डिझेल दोन्ही चोरीला जात. ट्रकखाली पथारी टाकून तो झोपायला गेला. बातमी म्हणून मी त्या रात्री काही लिहिले नाही. संपादकांना रांग ही बातमी वाटली नसती, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटली नव्हती.

न्हावा-शेव्याची मुख्य दुखरी नस तीच आहे. बहुतेक पेट्या रस्त्याने जातात. रेल्वेचा वाटा अलीकडच्या वर्षांत पाचव्या हिश्श्याहूनही कमी राहिला. दादरी ते न्हावा-शेवा हा १५०६ किलोमीटरचा मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग आखला गेला तो याच कारणाने. त्यावर एकावर एक दोन पेट्या ठेवून गाडी धावते. २०२१च्या जानेवारीत रेवाडीजवळून दीड किलोमीटर लांबीची तशी गाडी सुटली तेव्हा मला, कला शाखेच्या माणसालाही, अभिमान वाटला. परंतु या मार्गाचे बाकीचे अंग वापरात येत गेले आणि वैतरणा ते न्हावा-शेवा हा सुमारे १०२ किलोमीटरचा तुकडा सर्वांत मागे राहिला. ज्या बंदरासाठी मार्ग, त्या बंदरालाच तो शेवटी भेटावा!

अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांपुढेही हीच अडचण होती. मालगाड्या शहरातली सुमारे २०० फाटके अडवत जात. त्यांनी ३२ किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग बांधला, त्यातला निम्मा भाग जमिनीखाली खंदक खणून नेला आणि २००२च्या एप्रिलमध्ये तो सुरू केला. खर्च वसूल करण्यासाठी पेटीमागे शुल्क लावले. जो माल वाट वापरतो त्यानेच वाटेचे पैसे द्यावेत, हा साधा व्यवहार. आपल्याकडे वाटेचे पैसे तो माणचा चालक झोपेच्या रूपाने देत होता.

जमिनीवरची माणसे

आता त्या जमिनीवरच्या माणसांकडे येतो. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, सिंधुदुर्ग बांधला, हे आपण अभिमानाने सांगतो. १६७१ सालचे त्यांचे एक पत्र मात्र सभांतून फारसे सांगितले जात नाही. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, नाहीतर आपल्या मुलखातले मिठाचे उत्पादक बुडतील, अशी आज्ञा त्यांनी कुडाळच्या सरसुभेदाराला दिली. समुद्राचे धोरण त्यांनी आगरातल्या माणसापासून सुरू केले. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, अगदी जीर्ण झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा दंडक आहे.

या कसोटीवर उरणचा इतिहास तपासून पाहावा. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांना हौतात्म्य आले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. न्हावा-शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना त्याच तत्त्वाने भूखंड मिळण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे झगडावे लागले. शेवा बेटावरून उठवलेल्या हनुमान कोळीवाड्याला जी जागा दिली, तिथे घरांना वाळवी लागली. गावाची मागणी नवी नव्हती. कबूल केलेली जागा द्या, एवढीच होती. यात दोष एकाच पक्षाच्या सरकारचा, असे मी म्हणणार नाही. सरकारे बदलली, वाळवी तीच राहिली.

म्हणून मला वाढवणविषयी बोलायचे आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात हे बंदर होत आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. तिथे नैसर्गिक खोली सुमारे २० मीटर मिळते. जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे लागू शकतील. आज आपल्या कितीतरी पेट्या कोलंबो आणि सिंगापूरला जहाज बदलतात. ते पैसे व तो वेळ वाचवायचा तर अशा बंदराची गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे मात्र रस्ता आणि लोहमार्ग यांचा विचार आराखड्यातच केलेला आहे: सुमारे ३२ किलोमीटरचा महामार्ग जोड आणि मालवाहतूक लोहमार्गाशी सुमारे १२ किलोमीटरची जोडणी. ते धक्क्याच्या आधी पुरे होतात की नंतर, इकडे आपले लक्ष हवे.

परंतु हे बंदर मुख्यतः समुद्रात भराव टाकून होणार आहे, सुमारे १४४८ हेक्टर. तिथले पाणी रिकामे नाही. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली याच ठिकाणच्या आधीच्या प्रस्तावाला नकार दिला होता. २०२३च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली. न्यायालयातही प्रकल्पाच्या बाजूने निकाल लागला. विरोध करणाऱ्या मच्छीमारांना विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. त्यांची एक बाजू अशी: सातबारा असलेल्याला जमिनीचा मोबदला मिळतो. मासे ज्या पाण्यात मिळतात, त्या पाण्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. नौकेची नोंद असते, मालकाचे नाव असते. पण खलाशाचे काय? आणि धक्क्यावर मासळी घेऊन टोपली डोक्यावरून गावोगाव नेणाऱ्या बाईचे काय?

पुढच्या महिन्यात मी पुन्हा डहाणूला जाणार आहे. भरपाईच्या यादीत त्या टोपलीवाल्या बाईसाठी रकाना आहे की नाही, हे मला पाहायचे आहे. असेल तर त्यात किती नावे भरली गेली, हेही विचारीन. आणि जमले तर लोहमार्गाच्या त्या १२ किलोमीटरच्या आखणीवरून पायी चालून येईन.