आकडा सांगा, मग बोलू



"बीपी कसंय?" "नॉर्मल आहे, डॉक्टर." "आकडा सांगा." "एकशे चाळीस की काय होतं बघा." 2020 च्या मार्चपासून माझ्या फोनवर हा संवाद रोजचाच झाला. गोळ्या महिन्याभराच्या आणि कोरोनाचा लॉकडाऊन वाढतच चाललेला. मधुमेह, रक्तदाब, दम्याच्या माणसांनी जायचं कुठे?

फोनवरून औषध सांगायला आम्ही डॉक्टर बिचकत होतो, आणि ते उगाच नव्हे. 2018 साली रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, रुग्णाला न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा ठपका आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. पण 2020 च्या 25 मार्चला, देशभरातल्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची नियमावली आली. जुन्या रुग्णाच्या चालू गोळ्या, म्हणजे मेटफॉर्मिन, एनालॅप्रिल वगैरे, आता फोनवरून पुढे चालू ठेवता येतात. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं मात्र अशी मिळणार नाहीत. तिथे हट्ट धरू नका. घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारची ई-संजीवनी ओपीडीही त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सुरू झाली, मोफत.

कायद्याची अडचण सुटली, तरी फोनवर नाडी लागत नाही. तपासणीचं निम्मं काम आता तुमच्या घरात होणार आहे, ते नीट करा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून स्वस्थ बसा. पाय जमिनीवर, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्याच्या बाहीवरून नव्हे. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. नातवाला दटावत दटावत मोजू नका. मिनिटाभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. त्यातला बरा दिसणारा तेवढाच डॉक्टरला सांगायचा, ही आपली खोड! मला वाईट आकड्याचाच जास्त उपयोग होतो.

मधुमेह्यांच्या पायांची मला खरी धास्ती आहे. बधिरपणामुळे जखम दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून फोनवर कुणी सांगत नाही. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या बेचक्या पाहा. नजर अधू असेल तर सुनेला, नातीला पाहायला सांगा. त्यात संकोच कसला? जखम, काळसर डाग, पू दिसला की उजेडात फोटो काढून पाठवा. डॉक्टरने 'या' म्हटलं तर या. भीतीने अंगावर काढलेली जखम पायावर बेतते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम फुटून हातपाय थरथरले, तर शुद्धीवर असेपर्यंत आधी साखर द्या, मग फोन करा. आणि छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर माझा नंबर लावत बसू नका. 108 लावा.