पेढीची पत आणि संकेतस्थळ

(व्यापारी बंधूंच्या सभेत केलेले भाषण)



लहान दुकानदाराने स्वतःचे संकेतस्थळ काढले, तर अनोळखी ग्राहकाचा विश्वास कसा संपादन करावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. संगणकाचा जाणकार नव्हे. दुकानाच्या गादीवरून जे दिसते, तेवढेच मांडतो.

दुकानात आलेला ग्राहक पदर हातात घेतो, पोत चाचपतो, उजेडात नेऊन रंग पाहतो आणि मग आपला चेहरा पाहतो. उद्या तक्रार निघाली तर दुकान येथेच आहे, ही खात्री त्याला असते. संकेतस्थळावर यातले काहीच नाही. बहुधा पैसे आधी जातात, माल मागाहून येतो. म्हणून जे काम हाताचा स्पर्श आणि समोरचा चेहरा करीत असे, ते आता लेखी शब्दाला करावे लागते. संकेतस्थळाकडे जाहिरातीचा फलक म्हणून न पाहता, पेढीने दिलेला लेखी शब्द म्हणून पाहावे, हे माझे मुख्य निवेदन आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिले पाहिजे. त्याबरोबर जीएसटी क्रमांकही द्यावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि सरकारी संकेतस्थळावर तो टाकून कोणीही आपले नाव पडताळू शकतो. दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र आणि खरोखर उचलला जाणारा दूरध्वनी, यांचे मोल कोणत्याही सजावटीहून अधिक आहे.

दुसरी गोष्ट मालाच्या वर्णनाची. लांबी व पन्हा आकड्यांत द्यावा. ताण्याला कोणते सूत, बाण्याला कोणते, हातमाग की यंत्रमाग, धुतल्यावर किती आटेल, हे लिहावे. पडद्यावर रंग थोडा वेगळा दिसतो, हेही आधीच सांगावे. अस्सल हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. तेव्हा उलट बाजूचेही छायाचित्र द्यावे. सेमी पैठणी असेल, तर तिला सेमीच म्हणावे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि असलीच्या नावाने नकली माल देणे, या दोहोंची गणना आहे. पडद्यावरचे वर्णन हे आता आपले मापच झाले आहे.

तिसरी गोष्ट किमतीची व परतीची. कर आणि टपालखर्च धरून एकूण रक्कम पैसे भरण्यापूर्वीच दिसावी. ताग्यातून फाडून दिलेले कापड परत घेत नसाल, तर ते किमतीजवळच लिहा. माल सदोष निघाल्यास परतीचा खर्च कोणाचा, हेही लिहा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही मर्यादा वरील नियमांनीच घातली आहे.

चौथी गोष्ट मोहाची. ‘फक्त दोनच साड्या शिल्लक’ असे लिहायचे आणि कपाटात वीस ठेवायच्या, ही खोटी घाई नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवली आहे. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्याच मालाची स्तुती लिहिणे २०२० च्या नियमांनाही अमान्य आहे. चार खऱ्या अभिप्रायांत एक नाराजीचा असला, तरी तो राहू द्यावा आणि त्याखाली आपले नम्र उत्तर द्यावे. वाचणारा त्या उत्तरावरूनच आपली पारख करतो.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असले, की दुकान खात्रीचे, असे अनेकांना वाटते. त्याचा अर्थ इतकाच, की ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. ही व्यवस्था आवश्यकच आहे. पण फसव्या संकेतस्थळांनाही ती मिळते. दाराला कुलूप असल्याने आतला व्यापारी प्रामाणिक ठरत नाही.

मोठ्या कंपनीला एखादा ग्राहक तुटल्याची झळ लागत नाही. आपली पेढी मात्र वाडवडिलांच्या एका नावावर उभी असते आणि तेच नाव आता आपण कधी न पाहिलेल्या माणसांपर्यंत जाते. संकेतस्थळ घरातील मुले-सुना खुशाल तयार करोत. ते त्यांचेच क्षेत्र आहे. पण वडीलधाऱ्यांनी त्यावरील प्रत्येक ओळ वाचावी आणि स्वतःला विचारावे, “हे वाक्य मी ग्राहकाच्या डोळ्यांना डोळा देऊन बोललो असतो का?” उत्तर नकारार्थी आले, तर ती ओळ निःशंकपणे खोडावी.