अमेरिकन साहित्य कशासाठी वाचावे?

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८७३ च्या जून महिन्यात पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास आंबेगावच्या डोंगरातील जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले हा महादेव कोळी सावकारांविरुद्ध उठला होता. सावकारांची नाके कापणाऱ्या या बंडखोराला पकडायला इंग्रज सरकारला १८७६ साल उजाडावे लागले. जांभोरीच्या उठावाची कहाणी या भागात अजून सांगितली जाते. 'गुलामगिरी'च्या पहिल्याच पानावरची एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. फुल्यांनी हे पुस्तक इंग्लंडच्या राणीला अर्पण केले नाही, की एखाद्या संस्थानिकालाही केले नाही. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी झीज सोसली, त्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केलेले आहे. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तेथेच व्यक्त केली आहे.

अमेरिकन साहित्य कशासाठी वाचावे या प्रश्नाचे उत्तर शोधताना आरंभ येथून करावयास हवा. कारण समाजवादी विचाराच्या माणसाला हा प्रश्न पडतो तो निराळ्या तऱ्हेने. व्हिएतनामवर बॉम्ब टाकणाऱ्या, १९७३ साली चिलीतील लोकनियुक्त सरकार उलथू पाहणाऱ्यांना बळ देणाऱ्या, २०२५ साली भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लादणाऱ्या देशाचे साहित्य आपण का म्हणून वाचावे? शंका रास्त आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी माहिती खात्याच्या मदतीने त्या देशातील पुस्तकांचे स्वस्त अनुवाद भारतीय भाषांत निघत असत. 'सांस्कृतिक स्वातंत्र्या'चा उद्घोष करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेला त्यांच्या गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता, हेही १९६६-६७ मध्ये उघड झाले. त्यामुळे डाव्या वर्तुळात अमेरिकन पुस्तकाकडे संशयाने पाहण्याची सवय लागली आणि तिची जागा बराच काळ रशियन पुस्तकांनी घेतली. ती पुस्तके उत्तम होती, यात वाद नाही. तथापि त्या सवयीपायी एक चूक झाली. अमेरिकेचे सरकार आणि अमेरिकेचे लेखक यांना एकाच गाठोड्यात बांधले गेले. फुल्यांनी ती चूक केली नव्हती. त्यांनी आभार मानले ते वॉशिंग्टनमधील सत्तेचे नव्हेत, तर त्याच देशातील अन्यायाविरुद्ध झगडलेल्या माणसांचे.

फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेतील स्तुती काहीशी उदार होती, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. गुलामी कायद्याने संपली. पण १८७७ मध्ये दक्षिणेतील संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले आणि मुक्त झालेला काळा शेतकरी अर्धेलीच्या शेतीत व दुकानदाराच्या उधारीत पुन्हा अडकला. ही हकीकत ज्याला समजून घ्यावयाची असेल त्याने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे १९०३ चे पुस्तक वाचावे. जॉर्जियातील कापसाच्या पट्ट्याचे वर्णन त्यात आहे. पीक उभे राहण्यापूर्वीच ते दुकानदाराकडे गहाण पडलेले असते आणि वर्षअखेरीस हिशेब झाला की कुळाच्या नावावर कर्जच उरते. खाते-वही आणि निरक्षर शेतकरी यांचे हे नाते ज्यांना 'शेतकऱ्याचा असूड' ठाऊक आहे त्यांना नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

या दोन प्रदेशांना जोडणारा धागा केवळ सादृश्याचा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, शेतकऱ्याने कर्ज काढले. युद्ध संपताच भाव कोसळला. कर्ज मात्र राहिले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांची कारणे एवढीच नव्हती. वाढीव शेतसारा आणि सावकारधार्जिणे कोर्टकायदे हीही होती. अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या प्रमाणाविषयी वाद घालीत आले आहेत. परंतु मिसिसिपीकाठच्या गुलामाचे भवितव्य आणि भीमाकाठच्या कुणब्याचे कर्ज एकाच बाजाराने बांधले गेले होते, हे निर्विवाद. फुल्यांना त्या नात्याची जी जाणीव झाली, तिला या तालुक्यात कृतीचे रूप मिळाले. सत्यशोधक विचाराने १८८४ साली ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न भटजीविना लावले. ग्रामजोशांनी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला, तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि १८९० मध्ये निकाल पाटलांच्या बाजूने लागला.

यानंतरची परंपरा बहुतेकांना परिचित आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. १९७८ साली डॉ. जनार्दन वाघमारे यांचे 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक आले. मराठी दलित लेखकांनी अमेरिकन काळ्या साहित्याकडे ज्या आत्मीयतेने पाहिले, त्या आत्मीयतेने मराठी शेतकऱ्याने अमेरिकन शेतकरी-साहित्याकडे कधीच पाहिले नाही. जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे, आणि तिचा विचार थोडा सविस्तर करावयास हवा.

फ्रँक नॉरिस या लेखकाची 'द ऑक्टोपस' ही कादंबरी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातील गव्हाचे शेतकरी आणि त्यांचा माल वाहून नेणारी रेल्वे कंपनी यांच्या संघर्षाची ती कथा आहे. पीक शेतकऱ्याचे, पण वाहतुकीचा दर कंपनीचा. आणि तो असा, की नफा शेवटी कंपनीच्याच हाती उरावा. कंपनीचा स्थानिक दलाल शेवटी जहाजाच्या तळघरात कोसळणाऱ्या गव्हाखाली गुदमरून मरतो. ते जहाज चाललेले असते दुष्काळग्रस्त हिंदुस्थानाकडे! १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्लेल्या पिढीने हा प्रसंग वाचून थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवले तर नवल नाही. पुढल्या 'द पिट' या १९०३ च्या कादंबरीत शिकागोच्या धान्यबाजारातील सट्टा येतो. गव्हाचा एक दाणाही हाताळला नाही अशी माणसे त्याची किंमत ठरवितात.

आता हे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभे राहून वाचावे. २०२३ च्या जुलैत येथे टोमॅटोच्या एका क्रेटला दोन हजार रुपयांवर भाव मिळाला आणि वर्तमानपत्रांनी शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या छापल्या. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणविला, आणि सप्टेंबरात भाव इतका उतरला की तोडणीची मजुरीही सुटेना. त्याच ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरात निर्यातबंदी, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. आळेफाटा आणि मंचरच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या माणसाला नॉरिसची पात्रे परकी वाटणार नाहीत. रेल्वे कंपनीच्या जागी कधी व्यापारी असेल, कधी खुद्द सरकार, एवढाच फरक.

परंतु नॉरिस वाचून बागायतदाराने डोळे पुसावेत आणि पुस्तक मिटावे, इतके हे सोपे नाही. नॉरिसचे शेतकरी मोठे जमीनधारक आहेत. त्यांच्या शेतात राबणारा मजूर त्या कादंबरीत जवळजवळ दिसतच नाही. तो दिसतो जॉन स्टाइनबेकच्या १९३९ मधील 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये. ओक्लाहोमातून जमिनीवरून हुसकावलेले जोड कुटुंब कॅलिफोर्नियाच्या फळबागांत काम शोधीत येते. आठशे मजूर हवे असतील तेथे हजारोंना जाहिराती वाटलेल्या असतात, कारण माणसे जितकी जास्त तितका रोज कमी. भाव टिकावा म्हणून संत्री रॉकेल ओतून नासविली जातात आणि भुकेली माणसे कुंपणाबाहेरून पाहतात. (नारायणगावला रस्त्याकडेला टोमॅटो ओतला जातो तो भाव नाही म्हणून, स्टाइनबेकच्या बागांत माल नासविला जातो तो भाव पडू नये म्हणून. दोन्हींत गल्लत करू नये.)

येथे या दोन तालुक्यांचा खरा प्रश्न उघडा पडतो. पूर्वेचा भाग कालव्याचा, ऊस-द्राक्षे-टोमॅटोचा. पश्चिमेचा डोंगरी, भात-नाचणी-हिरड्याचा. पश्चिमेचे आदिवासी स्त्री-पुरुष तोडणी-खुडणीला पूर्वेकडे येतात, सकाळी नारायणगावात उभे राहतात, आणि दिवसाचा रोज तेथल्या तेथे ठरतो. व्यापाऱ्यापुढे जो शेतकरी नॉरिसचा नायक असतो, तोच तासाभराने मजुरापुढे स्टाइनबेकचा बागमालक होतो. आपल्याकडील शेतकरी चळवळीचे वाङ्मय पहिल्या भूमिकेविषयी भरभरून बोलते. दुसरीविषयी फारच थोडे. अमेरिकन कादंबरी या दोन्ही भूमिका समोर ठेवते, आणि त्या कादंबरीला घरी विरोधही झाला तो याचसाठी. जोड कुटुंब ज्या केर्न परगण्यात पोहोचते, त्याच परगण्याच्या मंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये ही कादंबरी आपल्या शाळांतून व ग्रंथालयांतून काढून टाकली. बंदी १९४१ च्या जानेवारीपर्यंत टिकली. त्या परगण्याच्या ग्रंथपालबाईंनी मंडळाला लेखी विरोध कळविला होता. अलीकडच्या वर्षांत टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लुएस्ट आय'सारख्या कादंबऱ्या तेथील अनेक शाळांतून पुन्हा हटविल्या गेल्या आहेत. जे साहित्य स्वतःच्या देशातील सत्ताधाऱ्यांना इतके झोंबते, त्याला साम्राज्यवादाचा प्रचार म्हणणे ही शुद्ध आळशी टीका होय.

पूर्वेच्या कालव्यांना पाणी येते कोठून, हाही प्रश्न याच ओघात येतो. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाखाली घोड नदीच्या खोऱ्यातील आदिवासींची भातखाचरे आणि खुद्द जुने आंबेगाव गेले. ज्यांची जमीन बुडाली ते काठावर राहिले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत त्यांनी गाळपेर केली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीने जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था उभारली. महादेव कोळी हा नावाने कोळी. पण पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगरातील शेतकरी. जाळे विणणे आणि होडी वल्हविणे त्याला धरणाने शिकविले.

हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद 'एका कोळियाने' या नावाने १९६५ पासून मराठीत आहे. शहरी समीक्षक त्यात माणसाची एकाकी झुंज पाहतात. डिंभ्याच्या काठी ते पुस्तक वेगळ्या तऱ्हेने वाचले जाईल. म्हातारा एकटा का जातो? कारण त्याच्या मदतनीस पोराला आईबापांनी, नशीब चांगले असलेल्या दुसऱ्या होडीवर पाठविलेले असते. भर समुद्रात म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणतो, पोरगा बरोबर हवा होता. मासा गळाला लागून मारला जातो तेव्हा त्याच्या मनात येतो तो हिशेब. दीड हजार पौंड वजन, साफ करून दोनतृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट. हा हिशेब करायला पेन्सिल हवी, असे तो स्वतःशी म्हणतो. पुढे शार्क येतात. समीक्षेच्या पुस्तकांत या पेन्सिलीचा उल्लेख क्वचितच सापडतो. ठेकेदाराच्या वजनकाट्यापुढे मासळी घेऊन उभा राहिलेला वाचक त्या ओळीपाशी नक्की थांबेल.